रिअ‍ॅलिटी शोमधलं भांडण नेमकं कुठे तयार होतं : घरात, मुलाखतीच्या खुर्चीत की एडिट टेबलावर?

रानजाई (धागा)

रिअ‍ॅलिटी शोचा विषय निघाला की दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, ‘सगळं स्क्रिप्टेड असतं हो’. दुसरं, ‘कॅमेऱ्यासमोर घडलंय म्हणजे खरंच असणार’. दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्हींमुळे खरा प्रश्न बाजूला पडतो. मालिकेत संवाद आधी लिहितात, मग शूटिंग होतं. इथे शूटिंग आधी आणि लिखाण नंतर, हाती आलेल्या फुटेजमधून. त्यासाठीच स्टोरी प्रोड्युसर असतो. कोणतं वाक्य कोणत्या वाक्याशेजारी बसेल हे तो ठरवतो, आणि तेवढ्याने माणसाची प्रतिमा बदलते.

हे आजचं नाही. १९७३ साली अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर ‘अ‍ॅन अमेरिकन फॅमिली’ दाखवली गेली. लाउड कुटुंबाचं सुमारे ३०० तासांचं चित्रण होतं, त्यातून १२ भाग निघाले. दाखवलेल्या एका तासामागे साधारण २५ तास. आपल्या घरातलं वाईट तेवढंच वेचून दाखवलं, ही कुटुंबाची तक्रार होती. निर्माते आणि सहभागी यांच्यातला हा वाद पन्नास वर्षांनंतरही तसाच चालू आहे.

ज्यांना या कामातली माहिती आहे त्यांनी कृपया नेमकं लिहावं. निवड, सेट, मुलाखत, एडिट, आवाज, कायदा, जे ज्याला ठाऊक असेल ते. ‘सगळे चोर आहेत’ छापाचे प्रतिसाद नकोत.

---

टाइमकोड

चांगला धागा. निवडीपासून सुरू करतो, कारण निम्मं काम तिथेच होऊन जातं.

कास्टिंगमध्ये एकेकटा माणूस किती भारी आहे हे बघतात असा समज आहे. प्रत्यक्षात जोड्या बघतात. भिंतीवर फोटो लावून दोन-दोन नावांमध्ये रेघा ओढलेल्या असतात: हिला शिस्त लागते आणि त्याला पसारा चालतो, हा पटकन बोलून मोकळा होतो आणि ती आठवडाभर मनात ठेवते. अर्ज, व्हिडिओ, प्रत्यक्ष मुलाखती, मानसिक चाचणी, पार्श्वभूमीची तपासणी असे टप्पे असतात. ही चाचणी माणसाला सांभाळण्यासाठी असते. पण तिच्यातून कोणाला काय टोचतं हेही कळतं. म्हणून चाचणीचा अहवाल मानसतज्ज्ञाकडेच राहावा आणि क्रिएटिव्ह टीमकडे फक्त ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ एवढंच जावं, असा नियम चांगल्या निर्मितीत पाळतात. जिथे पाळत नाहीत तिथे पुढचं सगळंच बिघडतं.

दुसरी गोष्ट सेट. भांडण लावायला कुणी ‘आता भांडा’ म्हणत नाही. १० माणसं आणि ८ पलंग एवढं पुरतं. घड्याळ काढून घ्या, फोन आणि पुस्तकं काढून घ्या, रेशन मोजून द्या, बसायला एकच मोठा सोफा ठेवा. करायला काही नसलं की माणसं एकमेकांबद्दलच बोलतात. ‘बिग ब्रदर’ १९९९ साली नेदरलँड्समध्ये सुरू झालं तेव्हापासून या साच्याचा गाभा हाच आहे. २००० साली अमेरिकेत आलेल्या ‘सर्व्हायव्हर’मध्ये १६ जण, ३९ दिवस आणि १० लाख डॉलर्स होते. तिथे पलंगांची जागा भुकेने घेतली.

तिसरी गोष्ट, आणि ही फार कमी लोकांना माहीत असते: अबोला. कॅमेरे तयार नसताना स्पर्धकांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. गाडीतून नेताना, टास्कची मांडणी चालू असताना, जेवणाच्या सुट्टीत. कारण साधं आहे. खरं भांडण व्हॅनमध्ये होऊन गेलं तर कॅमेऱ्यासमोर त्याची नक्कल उरते, आणि नक्कल लगेच ओळखू येते. पण दोन तास दाबून ठेवलेलं बोलणं जेव्हा बाहेर येतं तेव्हा ते नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात येतं. राग खरा असतो, त्याची उंची निर्मितीने ठरवलेली असते.

---

आडकित्ता

टाइमकोड, पलंग कमी ठेवणं आणि भांडण लावणं यात फरक काय उरतो मग? माणसाला झोपू द्यायचं नाही आणि तो चिडला की ‘बघा, याचा स्वभावच असा’ म्हणून दाखवायचं. ही फसवणूकच आहे.

---

टाइमकोड

आडकित्ता, पलंग कमी आहेत हे प्रेक्षकाला दिसत असेल तर फसवणूक म्हणणार नाही. अट सगळ्यांना माहीत आहे. झोप रात्री ३ वाजता मोडली आणि ते न दाखवता सकाळी ९ची चिडचिड तेवढी दाखवली, तर तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. कारण दडवून परिणाम दाखवला की माणसाचा स्वभाव खोटा तयार होतो.

आणि काय दाखवायचं ही निवड एडिटच्याही आधी सुरू होते. समजा घरात ४० कॅमेरे आहेत. २४ तासांचे ९६० तास झाले. एवढं कुणीच बघू शकत नाही. म्हणून पीसीआरमध्ये, म्हणजे सगळे कॅमेरे दिसतात त्या नियंत्रण कक्षात, एका वेळी दोन-तीन ठिकाणांवरच लक्ष असतं आणि लॉगर पाळ्यांमध्ये बसून टिपणं घेतात. चांगलं टिपण असं असतं:

‘१४:०७:२२, स्वयंपाकघर, अ आणि ब. अ विचारते भांडी कोण घासणार. ब उत्तर देत नाही, बाहेर जाते.’

वाईट टिपण असं: ‘१४:०७, अ आणि बचं वाजलं, ब चिडून निघून गेली.’

आठवड्याने एडिटर संगणकावर ‘चिडून’ शब्द शोधतो तेव्हा दुसरं टिपण सापडतं, पहिलं सापडत नाही. ब कदाचित बाथरूमला गेली असेल. लॉगरने एका शब्दात अर्थ लावला आणि तो थेट टीव्हीपर्यंत पोचला. माझ्या मते अप्रामाणिकपणाची सुरुवात बहुतेक वेळा इतकी साधी असते, आणि ती थोपवणं सोपंही आहे: टिपणात क्रियापद लिहायचं, विशेषण लिहायचं नाही.

---

उंबरठा

मुलाखतीच्या खुर्चीबद्दल लिहिते. म्हणजे कन्फेशन रूम, जिथे स्पर्धक एकटा कॅमेऱ्याशी बोलतो; त्या बोलण्याच्या तुकड्याला बाइट म्हणतात. दृश्यांमध्ये जे दिसतं त्याला अर्थ इथून मिळतो.

बसवल्या बसवल्या स्पर्धकाला चार सूचना मिळतात. प्रश्न उत्तरात घेऊन पूर्ण वाक्यात बोला, कारण विचारणाऱ्याचा आवाज काढून टाकायचा असतो. वर्तमानकाळात बोला: ‘मी चिडले होते’ ऐवजी ‘मी आता प्रचंड चिडलेय’. ‘काल’, ‘परवा’, ‘मंगळवारी’ हे शब्द टाळा. ‘तो’, ‘ती’ न म्हणता नाव घ्या. कपडे आणि मागची भिंत मात्र निर्मिती सांभाळते. पुष्कळ ठिकाणी आठवड्याच्या सगळ्या बाइट्सना एकच पोशाख ठेवतात.

प्रत्येक सूचनेला तांत्रिक कारण आहे आणि पहिल्या तिन्हींमुळे वाक्य आपल्या जागेवरून सुटं होतं. वार नाही, काळ नाही, कपडे तेच. आता ते वाक्य कुठल्याही दिवसावर चिकटवता येतं. चौथी सूचना उलट बाजूने स्पर्धकाला वाचवते. ‘तिच्यावर माझा विश्वास नाही’ हे तीन वेगवेगळ्या बायकांच्या दृश्यावर बसेल. नाव घेतलेलं वाक्य एकीवरच बसतं.

विचारण्याची पद्धतही ठरलेली आहे. एकच गोष्ट अर्ध्या तासाच्या अंतराने तीन प्रकारे विचारतात. पहिलं उत्तर सभ्य येतं, दुसरं जरा मोकळं, तिसऱ्याला माणूस कंटाळून धारदार बोलतो, आणि एपिसोडमध्ये तिसरंच जातं. उत्तर संपल्यावर प्रोड्युसर तीन-चार सेकंद काहीच बोलत नाही. शांतता असह्य होते आणि माणूस स्वतःहून पुढचं वाक्य बोलतो. ते वाक्य सोन्याचं असतं.

आता टोकरणं कसं चालतं ते. समजा अ आणि ब या दोन स्पर्धक आहेत. अ-ला विचारायचं, ‘ब-चं कालचं वागणं पटलं का?’ अ म्हणते नाही. ‘मग हे तिला सांगितलंस?’ नाही. ‘का नाही सांगितलंस?’ एवढंच. बाहेर पडताना अ-च्या डोक्यात ‘मी घाबरले की काय’ हा प्रश्न असतो. पंधरा मिनिटांनी ब-ला त्याच खोलीत काहीतरी काम देऊन पाठवतात. कोणीही खोटं बोललेलं नसतं.

हे फसतं कधी? प्रोड्युसरने एका माणसाला दिवसात दोनदा असं टोकरलं तर तो ओळखतो. मग एकतर बंद पडतो, ‘सगळं छान आहे’ याच्या पलीकडे बोलत नाही; नाहीतर प्रोड्युसरला काय हवंय ते ओळखून अभिनय करू लागतो. दुसरं अधिक वाईट, कारण तिथून पुढे त्याचा एकही क्षण खरा धरता येत नाही.

---

ध्वनिपट

उंबरठा यांनी खुर्ची सांगितली, मी आवाज सांगतो. चित्रापेक्षा आवाजात फेरफार जास्त होते आणि ती दिसत नाही.

दोन-तीन बाइट्समधले तुकडे जोडून एक वाक्य करण्याला या धंद्यात फ्रँकनबाइट म्हणतात. कृती अशी. आधी बाइटचा शब्दशः उतारा काढतात. स्टोरी प्रोड्युसर कागदावर शब्दांखाली रेघा मारून हवं ते वाक्य तयार करतो. एडिटर ते तुकडे टाइमलाइनवर आणतो, ‘प’, ‘ट’, ‘क’ अशा स्फोटक व्यंजनाच्या आधी कट मारतो, कारण त्याआधी निसर्गतःच क्षणभर शांतता असते. सांध्यावर दोन-तीन फ्रेमचा क्रॉसफेड देतो, म्हणजे एक आवाज विरतो तसा दुसरा चढतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, म्हणजे हे सगळं दशांश सेकंदाच्या आसपास आटोपतं. फटीत खोलीचा शांत आवाज भरतो. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी कुणीही न बोलता ३० ते ६० सेकंद रेकॉर्ड करून ठेवतात. आणि वर दुसरं चित्र टाकतात, हात, खिडकी, ऐकणाऱ्याचा चेहरा, म्हणजे ओठ दिसत नाहीत.

चुकतं कुठे? सुरात. वाक्य संपताना आवाज खाली उतरतो. संपतानाचा शब्द उचलून मध्ये बसवला की वाक्य मध्येच बसकण मारतं आणि पुन्हा उठतं. श्वास कापले की माणूस न थांबता बोलल्यासारखा वाटतो. माइक कॉलरवर होता आणि दुसऱ्या दिवशी दोन बोटं खाली लावला तर त्याच माणसाचा आवाज पातळ-जाड होतो.

आता मराठीचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे नकार आणि सगळ्या अटी वाक्याच्या शेपटीत येतात. ‘तो खोटारडा आहे, असं मी म्हणणार नाही.’ ‘तो खोटारडा आहे, असं मला सुरुवातीला वाटायचं.’ ‘तो खोटारडा आहे, असं बाकीचे म्हणतात.’ तिन्ही वाक्यं ‘आहे’ पाशी तोडा. कुठलाही सांधा नाही, जोड नाही, सूर जेमतेम बदलतो, आणि तीन वेगवेगळ्या माणसांची तीन वेगवेगळी मतं एकाच आरोपात बदलतात. इंग्रजीत ‘नाही’ वाक्यात लवकर येतं, ते काढायला आतून कापावं लागतं. मराठीत फक्त शेवट सोडून द्यायचा. म्हणून मराठी एडिटवर लक्ष ठेवणाऱ्याने जोडण्यांच्या आधी शेपट्या तपासाव्यात. ‘आहे’वर सूर खाली न येता किंचित वरच राहिला असेल तर पुढे ‘असं’ होतं, हे जवळजवळ नक्की धरा.

सर्वनामाचं आणि क्रियापदाचं लिंग मात्र आपल्याला मदत करतं. ‘तिने मला फसवलं’ मधला ‘तिने’ पुरुषावर बसत नाही, आणि ‘आली होती’ला ‘आला होता’ करायला वेगळा शब्द शोधावा लागतो.

---

रानजाई

ध्वनिपट, शेपटीचा मुद्दा वाचून दोनदा थांबले. मग एक प्रश्न. लांबलेलं बोलणं छाटणं तर अपरिहार्य आहे. माणूस चार मिनिटं अडखळत बोलला ते २० सेकंदांत आणायचंच. रेष कुठे मारायची?

---

ध्वनिपट

कामाची कसोटी एकच: छाटलेलं वाक्य बोलणाऱ्याला ऐकवलं तर तो ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ म्हणेल का? ‘म्हणजे’, ‘ते काय’, ‘अं’ काढलं तर तो म्हणेल. ‘असं बाकीचे म्हणतात’ काढलं तर म्हणणार नाही.

---

कलमबंद

कायद्याच्या बाजूने थोडं.

अमेरिकेत १९५० च्या दशकात प्रश्नमंजूषांमध्ये स्पर्धकांना आधीच उत्तरं दिली जात असल्याचं उघड झालं. १९५९ मध्ये त्यावर संसदेत सुनावण्या झाल्या आणि १९६० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ज्ञान, कौशल्य किंवा नशिबाच्या स्पर्धेचा निकाल फिरवणं गुन्हा ठरलं. म्हणून तिथल्या स्पर्धांमध्ये नियमांवर देखरेख करणारा माणूस सेटवर असतो. लक्षात घ्या, संरक्षण फक्त स्पर्धेच्या निकालाला आहे. कोण कसा दिसला, कुणाला खलनायक केलं, याला ते लागू नाही. परीक्षक असलेल्या पुष्कळ कार्यक्रमांच्या श्रेयनामावलीत शेवटी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की निर्णय परीक्षकांनी निर्मात्यांशी सल्लामसलत करून घेतला. ती ओळ दिसली तर निकाल निव्वळ गुणांचा नाही, हे तिथेच लिहून दिलेलं आहे.

दृश्य पुन्हा घेण्याबद्दल: ‘सर्व्हायव्हर’चे निर्माते मार्क बर्नेट यांनी २००१ मध्ये मान्य केलं की आकाशातून घेतलेले शॉट चांगले दिसावेत म्हणून काही दृश्यं बदली माणसं वापरून पुन्हा चित्रित केली होती. निकालाला त्याने धक्का लागत नव्हता. माझ्या मते हे चालण्यासारखं आहे, पण सांगायला हवं.

क्रम बदलण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण रिअ‍ॅलिटी शोचं नाही, माहितीपटाच्या प्रोमोचं आहे. जुलै २००७ मध्ये बीबीसीने पत्रकारांना एक झलक दाखवली. त्यात छायाचित्रकार अ‍ॅनी लिबोविट्झ राणी एलिझाबेथना मुकुट काढायला सुचवतात आणि पुढच्याच शॉटमध्ये राणी कुरकुरत चालत जातात. सगळ्यांना वाटलं राणी रागावून निघून गेल्या. वास्तविक तो शॉट त्या फोटोसाठी येत असतानाचा, आधीचा होता. एकही शब्द खोटा नव्हता, दोन शॉट्सची फक्त अदलाबदल होती. त्या प्रकरणात बीबीसी वनचे प्रमुख पीटर फिंचम यांना ऑक्टोबर २००७ मध्ये पद सोडावं लागलं.

सहभागींच्या बाजूने कायदा हळूहळू सरकतोय. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या कामगार भरपाई आयोगाने घरं सजवण्याच्या स्पर्धेतल्या एका सहभागी स्त्रीला ‘कामगार’ मानलं आणि कार्यक्रमातून झालेल्या मानसिक इजेची भरपाई तिला लागू आहे असं ठरवलं. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामकाने एप्रिल २०२१ पासून, ज्यांना मोठी इजा होण्याचा धोका असू शकतो अशा सहभागींच्या हिताची योग्य काळजी घेणं वाहिन्यांवर बंधनकारक केलं.

आणि करारात जवळपास सगळीकडे एक कलम असतं: चित्रणात कसाही बदल करण्याचा, संदर्भ बदलण्याचा हक्क निर्मात्याचा. सही करण्याआधी तेवढं कलम तरी नीट वाचावं.

---

सहजदर्शी

प्रेक्षकाने घरी बसून ओळखायचं कसं? आमच्या हातात ना उतारा ना टाइमकोड (फुटेजवरची वेळेची नोंद).

---

टाइमकोड

पुष्कळ ओळखता येतं. ज्या कटवर तुमच्या अंगावर काटा येतो, तिथेच थांबवा आणि दहा सेकंद मागे जा.

आधी ऐकणाऱ्याचा चेहरा बघा. भांडणाच्या मधोमध कुणीतरी डोळे फिरवतं तो शॉट. त्यात बोलणारा माणूस त्याच फ्रेममध्ये आहे का, निदान त्याचा खांदा तरी? चेहरा एकटाच असेल तर तो दुपारचा असू शकतो. खिडकीतला उजेड कुठल्या बाजूने येतोय, केस ओले आहेत की कोरडे, कपातला चहा किती, माइकची वायर कुठून बाहेर आलीय, हे मोठ्या शॉटशी ताडून बघा. कपडे सेटवर सांभाळतात, कपातली पातळी कुणी सांभाळत नाही.

मग ओठ. सर्वांत जहरी वाक्य बोलताना कॅमेरा बोलणाऱ्यावर आहे का? ऐन त्या शब्दाला खिडकी किंवा पाठ दिसली तर शंका घ्या.

संगीत बंद करता येत नाही, पण आवाज पूर्ण बंद करून तेच दृश्य बघता येतं. निम्म्या वेळा दोन माणसं भाजीबद्दल शांतपणे बोलत असतात. ताण त्या खालच्या घुमत्या सुराचा असतो.

निकालाची शांतता तर उघडच आहे. सूत्रसंचालकाला नाव घेण्याआधी थांबायला सांगतात, आणि त्या थांबण्यात आधी-नंतरचे पाच-सहा चेहरे घालून ती आणखी ताणतात.

---

आडकित्ता

मी वर जरा जोरात लिहिलं होतं. एक सुधारणा करतो. निर्मात्यांनाही काही गोष्टी गमवाव्या लागतात. खरी, महत्त्वाची दृश्यं बाद होतात ती बहुतेक तांत्रिक कारणांनी: मिठी मारली की दोन्ही माइक छातीत दाबले जातात, कुजबुज माइकवर शर्ट घासल्याने जाते, ट्रान्समीटरची बॅटरी नेमकी समेट होताना संपते. भांडण मोठ्या आवाजात होतं म्हणून नीट रेकॉर्ड होतं, माफी हळू आवाजात मागितली जाते म्हणून होत नाही. हा पक्षपात कुणी मुद्दाम केलेला नसतो.

---

ध्वनिपट

आडकित्ता, अगदी बरोबर, आणि यावर उपाय आहे. झोपण्याच्या खोलीत आणि व्हरांड्यात छताला जादा माइक लावले तर मिठीतलं बोलणंही उपशीर्षकांसकट दाखवता येतं. खर्च फार नाही, फक्त आधी ठरवावं लागतं की माफीसुद्धा गोष्टीचा भाग आहे.

---

उंबरठा

कुणी सहभागी होणार असेल तर खुर्चीत बसताना एवढं करावं. नाव घ्यावं. वार आणि वेळ वाक्यात घालावी, सूचना नको म्हणत असली तरी: ‘मंगळवारच्या टास्कनंतर मला अमक्याचा राग आला होता’. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला तर पहिलंच उत्तर शब्दशः द्यावं. आणि ध्वनिपट यांचं वाचल्यावर अजून एक: नकार आधी आणावा. ‘मी असं म्हणणार नाही की तो खोटारडा आहे.’ वाक्य जरा अवघडलेलं वाटेल. पण यातून ‘तो खोटारडा आहे’ वेगळं काढायचं तर मधोमध कापावं लागेल, ‘की’चा सूर सांभाळावा लागेल, वर खिडकीचा शॉट टाकावा लागेल. घाईच्या रात्री एडिटर तेवढी खटपट करत नाही, तो पुढचा बाइट शोधतो.